पत्रेवाल्यांचं गळकं छप्पर

पत्रेवाल्यांनी आयुष्यभर लोकांच्या घरांवर पत्रे बसवले, आणि त्यांनी बसवलेलं छप्पर गळतं असं म्हणायची कुणाची छाती झाली नाही. मग दोन्ही गुडघ्यांनी संप पुकारला. डॉक्टर म्हणाले, शिडी बंद. बायको त्याहून कडक. तिने त्यांचं स्टुलावर चढणंसुद्धा बंद केलं.

रिकामा माणूस घरात बसला की घरच्यांचं काही खरं नसतं. भाजी कशी चिरावी हे पत्रेवाले सांगायला लागले, तेव्हा बायकोने स्वतःच त्यांना पलीकडच्या गल्लीतल्या छोट्या रेल्वेची मॉडेलं करणाऱ्यांच्या क्लबात नेऊन सोडलं. तिथे हॉलभर टेबल, त्यावर बोगदे, रूळ, स्टेशनं. क्लबाचा प्रमुख एक दातांचा डॉक्टर. पत्रेवाल्यांनी पहिलंच स्टेशन पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"हे पत्रे वरून खाली लावलेत! पहिल्या पावसात स्टेशनमास्तर वाहून जाईल."

"काका, इथे पाऊस पडत नाही," दातांचा डॉक्टर म्हणाला.

"नाही पडत म्हणून काय वाट्टेल तसं लावायचं?"

डॉक्टरने त्यांना मालाचं गोदाम करायला दिलं. रविवारच्या प्रदर्शनात ते टेबलाच्या अगदी पुढे लागणार होतं, आणि ती जागा पत्रेवाल्यांना हवीच होती. घरात बसल्यापासून त्यांचं काम कुणी पाहिलं नव्हतं. त्यांनी थंड पेयाचे डबे कापले, बायकोच्या कंगव्यावर ठेवून संपलेल्या पेनाने दाबले आणि नखाएवढे पन्हळी पत्रे पाडले. मग ते खालून वर, एकावर एक चढवून बसवले. खिळे म्हणून टाचण्यांची डोकी, तीही पन्हळीच्या चढावर, खळग्यात नाही. आइस्क्रीमच्या काड्या तारेच्या ब्रशने ओरबाडून, कॉफीच्या पाण्यात बुडवून फळ्यांच्या भिंती केल्या. कंगव्याचे सहा दात गेले.

डॉक्टरने दात तपासायचा आरसा घालून वळचण पाहिली. "काका, काम एक नंबर. पण चालणार नाही. फारच चांगलं झालंय."

"म्हणजे?"

"पन्नास वर्षं जुनं दिसायला हवं. गंजलेलं, दोन-तीन पत्रे उडालेले. गळकं."

पत्रेवाल्यांचा चेहराच पडला. काम महाग म्हणणारे भेटले होते, उशीर केला म्हणणारे भेटले होते; गळकं करून द्या म्हणणारा हा पहिलाच.

गंज जमला. लोखंडी घासणी व्हिनेगरमध्ये भिजवली आणि ते पाणी फिरवलं. पण पत्रा उचकटायला हात होईना. एकदा धीर करून एक उचकटला आणि बोलता बोलता परत चिकटवून टाकला.

"अहो, त्यात राहतंय कोण?" बायको वैतागली.

"माल भिजेल ना."

तिने वाकून पाहिलं. आत, कुणाला दिसणारही नव्हती तिथे, तांदळाएवढी पोती रचलेली होती.

शनिवारी त्यांनी डोळे मिटून तीन पत्रे उपटले. जेवण गेलं नाही.

रविवारी गोदाम पुढच्या जागेवर लागलं. डॉक्टर वाकला. "काका, छपरावर हा कोण?"

भोकाशेजारी निळ्या शर्टातला एक इवलासा माणूस गुडघे टेकून बसला होता. हातात नवा पत्रा.

"कारागीर आहे."

"पण आपल्याला गळकं हवंय!"

"गळतंय की. काम चालू आहे."

डॉक्टरला इतकं हसू आलं की नाही म्हणणं राहूनच गेलं.

दुपारी बायको आली. चष्मा लावून तिने बराच वेळ त्या माणसाकडे पाहिलं. सुटलेलं पोट, मागे थोडं टक्कल, थेट नवऱ्यासारखं. आपण यांचं काय बंद केलं, ते तिला आत्ता कळलं.

"चांगला चढलाय हो," ती म्हणाली. "पण कमरेला दोरी नाही बांधलीत. पडेल ना!"

आणि तिने आपल्या बाहीचा एक दोरा ओढून तोडला आणि त्यांच्या हातावर ठेवला.