संगप्पाचा सदरा

संगप्पाला मी ओळखत होतो असं म्हणवत नाही. त्याचं किराणा दुकान माझ्या शिलाई मशीनच्या समोर होतं, एवढंच. तो गेल्यावर कळलं, मला ठाऊक होतं ते फक्त त्याचं माप.

लातूर नवा जिल्हा झाला, त्याच्या मागोमागच्या दुष्काळात आमच्या शिरूरमध्ये माणसं वाळली. जो तो सदरा आवळून घ्यायला यायचा. एकटा संगप्पा सैल करायला आला. गाल भरलेले, पोट पुढं. लोक म्हणायचे, शेटला दुष्काळ मानवला. मला ते ऐकवत नसे. दुपारी त्याची बायको मल्लम्मा त्याला ताक आणून द्यायची, तेही बघवत नसे.

मग त्याच्या पायात चप्पल शिरेना. पायावर बोट दाबलं की खळगा तसाच राहायचा. मल्लम्मानं त्याला लातूरला दवाखान्यात नेलं. परतल्यावर त्यानं ओट्यावर बसून सगळ्यांना सांगितलं की ते मांस नव्हतं, पाणी होतं. हृदय थकलं, रक्त कमी पोचू लागलं, की मूत्रपिंडांना वाटतं दुष्काळच पडला. मग ती मीठ आणि पाणी बाहेर सोडत नाहीत, साठवतात. डॉक्टरनं दिलेली गोळी त्यांना मीठ परत घेऊ देत नाही. मीठ लघवीतून जातं, त्याच्या मागं पाणी जातं. पावसाळ्यात मिठाच्या पोत्याला पाणी सुटतं हे किराणावाल्याला ठाऊक, त्याला हे लगेच पटलं.

मल्लम्मा त्याला अळणी पिठलं करायची, पाणी मापून द्यायची. माझ्या घरी माझ्या ताटातलं मीठ कुणी पाहिलं नाही.

गोळीनं सूज ओसरली. पण लोक म्हणू लागले, शेट उतरला, दुकान बसलं वाटतं. त्यानं गोळी सोडली. म्हणे, लोक टँकरमागं पळून राहिले आन् मी प्यालेलं पाणी सांडू? पाय पुन्हा सुजले. मल्लम्मा माझ्याकडं आली.

"तुमीच सांगा, अण्णा. तुमचं ऐकतेत ते."

हे मला नवीन होतं. मी रस्ता ओलांडून गेलो आणि म्हटलं, "गोळी खा. तुझा सदरा किती वेळा उसवू?"

तो हसला. उन्हाळ्यात सदरा आवळायला घेऊन आला. आता तो आमच्यासारखाच दिसत होता. तरी मल्लम्मा दुकानातून त्याच्यावर नजर ठेवून होती.

"गोळी चालू हाय न्हवं?" मी माप घेत विचारलं.

"हाय की. दोन बोटं आत घे, भुजंगा. पर कापड कापू नको."

"न्हाई कापत. परवा ने."