माझ्या पश्चात तिचं कसं होणार

निवृत्त झालो आणि मला एकच काळजी लागली: माझ्या पश्चात बायकोचं कसं होणार? मूलबाळ नाही. नवापूरचं समुद्राकाठचं घर कुणी बळकावलं तर? कारखान्यातल्या एका जुन्या सोबत्याने सांगितलं, घर ट्रस्टमध्ये टाक. ट्रस्ट देवळाचा नाहीतर शाळेचा असतो, एवढंच मला ठाऊक. नवरा-बायकोचाही निघतो म्हटल्यावर मी वही घेऊन पालघरला वकीलबाईंकडे गेलो.

त्यांनी समजावलं, की एक घर देणारा, एक ते सांभाळणारा विश्वस्त आणि एक त्यात राहणारा लाभार्थी. मी तिन्ही ठिकाणी स्वतःचं नाव घातलं.

"काका, तुम्ही गेल्यावर काय, हाच तर प्रश्न होता ना?" बाई म्हणाल्या. "पुढच्या वेळी काकूंना आणा."

काकू आल्या, सुक्या बोंबलांचा बाजार बुडवल्याची कुरकुर करत. मी ऐटीत घरपट्टीच्या पावत्या काढल्या. सगळ्या माझ्या नावाच्या.

"घरपट्टी भरली म्हणून जागा आपली होत नाही. सातबारा?"

बायकोने पिशवीतून घडी घातलेला कागद काढला. जागा तिच्या वडिलांची, त्यांच्यामागे वाटणीत तिच्या नावावर चढलेली. त्या जागेवर फंडाच्या पैशाने घर मी बांधलं आणि इतकी वर्षं 'माझं घर' म्हणून मिरवलं.

"मी सांगितलं व्हतं, बापाची जागा हाय," ती म्हणाली. "तुमी ऐकता कवा?"

बाईंनी चष्मा काढला. "काकूंच्या माघारी मूल नाही, मृत्युपत्र नाही, तर वारशाने आलेली ही जागा त्यांच्या माहेरी जाईल. नवऱ्याला नाही."

हे मी दोनदा सांगायला लावलं. म्हणजे बेघर व्हायची पाळी माझी होती? मग इतके दिवस मी कुणाची काळजी करत होतो? वहीत बाण काढून पाहिले, तर सगळे उलटे निघाले.

"करा ट्रस्ट," बायको म्हणाली. "देणारी मी. हे हायत तवर ऱ्हातील, मंग माझ्या भाचीला. सांभाळायला माझा भाऊ."

मेव्हण्याशी माझं कुंपणावरून चार वर्षं बोलणं बंद. "अगं, तो मला दुसऱ्या दिवशी बाहेर काढेल."

"नाय काढणार. कागदात लिवते ना."

"आणि मी आधी गेलो तर?"

"तर काय? माझंच घर हाय."

मी सहीसाठी पेन काढलं. "तुमची सही लागत नाही," बाई म्हणाल्या. "विश्वस्ताची लागेल. त्यांची तयारी आहे का, ते विचारून या."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. "जावा, विचारा. राहायचं तुमाला हाय."

संध्याकाळी मी मेव्हण्याच्या दारात उभा राहिलो. तो जाळं विणत होता. त्याने मान वर केली, आणि आधी कुंपणाचं बोलावं की घराचं, हे मला काही केल्या ठरवता येईना.