अक्का वाढतील आणि बोलतीलही

आई गेल्यापासून आमच्या घरची मराठी माझ्याशी बोलणारा जगात एकच माणूस उरला होता, माझा धाकटा भाऊ. हे लिहिते आहे ती पुस्तकी मराठी मी नोकरीतून सुटल्यावर शिकले. घरची निराळी, पिढ्यान्पिढ्या तंजावरात राहिलेल्यांची, जुन्या वळणाची, तमिळ हेलाची. मी चेन्नईत, तो तंजावरात. माझा नवरा तमिळ; मुलांना मराठी कळते, पण बोलायला सांगा, लगेच कामं आठवतात. तेव्हा माझी मराठी सगळी त्याच्या फोनवर तगून होती.

एकदा तो म्हणाला, "अक्का, चार दिवस ये. तिरुवैयारूला जाऊ. सायकली काढू, कावेरीत पाय सोडून बसू, संध्याकाळी गाणं ऐकू. लहानपणी जायचो तसं." मी हुरळलेच. वर म्हणे, आईचं नऊवारी लुगडं आण, आणि डांगरपचडी तूच कर, माझ्या बायकोला ती चव साधत नाही. उडदाचं भाजलेलं पीठ दह्यात कालवायचं, त्यात कसली आलीये चव? पण बहिणीला असं कुणी म्हटलं की ती पीठ दळून घेऊनच निघते.

सकाळ छान गेली, खोटं कशाला बोलू. कालव्याच्या बांधावरून सायकली, दोन्हीकडे नुकती लावलेली भातं. माझे गुडघे कुरकुरत होते. तो पुढे जाऊन थांबायचा, चिडवायचा, "म्हातारे, ये लवकर." या वयात मला असं म्हणणारा दुसरा कोण आहे?

दुपारी नदीकाठच्या एका घरी जेवण होतं. तो पर्यटकांना देवळं, राजवाडा दाखवतो, हे मला ठाऊक होतं. त्यामुळे "पुण्याचे काही मित्र येतील" म्हणाला तेव्हा मला वावगं वाटलं नाही. व्हॅनमधून टोप्या घातलेली माणसं उतरली. मी लुगडं नेसून पानं वाढली. तो मला एकेक विचारत गेला आणि मी खुळी बोलत गेले. मग म्हणाला, "अक्का, आई मला भरवताना काय म्हणायची ते सांग ना." मी सांगितलं, अगदी आईच्या हेलात. सगळ्यांचे फोन वर झाले. कुणीतरी हसलं, टाळ्याही पडल्या. आई काय म्हणायची ते इथं लिहीत नाही. एकदा बाहेर गेलं तेवढं पुरे.

हात धुताना एक बाई मला म्हणाल्या, "सकाळच्या सायकलींनी आमचेही पाय दुखले हो, पण तुम्ही सगळं वसूल केलंत. बुकिंग करतानाच सर म्हणाले होते, अक्का वाढतील आणि बोलतीलही." बाई मनापासून बोलत होत्या. त्यांचा काय दोष?

मी परसात गेले. तो नारळाखाली उभा होता. "मला सांगितलं का नाहीस?" मी विचारलं.

"सांगितलं असतं तर तू अवघडली असतीस. अशी बोललीच नसतीस."

म्हणजे त्यानं विचार केला होता. चुकून झालं असतं तर मी दोन शिव्या हासडून मोकळी झाले असते. यानं मला नीट ओळखलं होतं आणि त्या ओळखीवरच माझा केसानं गळा कापला होता. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, आणि त्याहून जास्त वाईट वाटलं. आईला वाढून ठेवलं होतं मी त्या पानांत.

संध्याकाळचं गाणं मी ऐकलं नाही. बसथांब्यावर त्यानं विचारलं, "अक्का, रागावलीस?"

"ओण्णुम इल्ल," मी म्हणाले. काही नाही. माझ्या माहेरी तमिळ बोलतात ती कंडक्टरशी, भाजीवाल्याशी, शेजाऱ्यांशी. भावंडांत कुणी बोलत नाही. त्याचा चेहरा उतरला, आणि तो उतरलेला पाहून मला बरं वाटलं.

त्यानंतर तो फोन करी तो मराठीतच. काय जेवलीस, गुडघे कसे आहेत, म्हातारे, कधी येतेस. मी तमिळमध्ये उत्तर देई. मनात म्हणे, आणखी थोडं झुरू दे, मग बोलेन. गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला. मी उचलला, आणि तो तमिळमध्ये म्हणाला, कशा आहात तुम्ही?