ओवाळणीत कायदा

आत्याला 'महोदय' हा शब्द अजिबात चालायचा नाही. कळमनुरीला तहसीलसमोर माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. तिथं येणारा प्रत्येक अर्ज 'मा. महोदय'पासून सुरू होतो आणि 'आपला विश्वासू'पाशी संपतो, मधलं काय ते मी भरतो. आत्याचं पत्र मात्र 'प्रिय भाऊ' असंच सुरू व्हायचं. मग तो भाऊ गावचा सरपंच असो, आमदार असो, नाहीतर दिल्लीला बसलेला खासदार. "महोदय मनलं की मानूस खुर्चीत मागं रेलतंय," ती म्हणायची. "भाऊ मनलं की कान देतंय." नागपंचमी झाली की पिशवीभर राख्या घेऊन ती दुकानात हजर. प्रत्येक लिफाफ्यात एक पत्र, एक राखी, आणि पत्राच्या शेवटी ठरलेली ओळ: ओवाळणीत मला साडी-चोळी नको, कायद्यात बदल पाहिजे.

जन्मभर ती डोंगरकड्याच्या पलीकडच्या एका खेड्यात अंगणवाडी सेविका होती. निवृत्त झाल्यावर कळमनुरीला येऊन राहिली आणि सगळ्या गल्लीची आत्या झाली. आवाज असा कमावलेला, की एका हाकेत खिचडीभोवतीची लेकरं गप्प बसावीत. दुकानात तिला खुर्ची दिली तर खुर्चीवर पिशवी बसायची आणि ही उभी. पत्र सांगायला लागली की तिसऱ्या ओळीला तिचा आवाज चढायचा, पाचव्या ओळीला ती टेबलावर थाप मारायची, आणि तहसीलच्या ओट्यावर उताऱ्यासाठी ताटकळलेली माणसं काय झालं म्हणून उठून यायची. अर्ज बडवून बडवून माझी बोटं निर्ढावलेली. पण आत्याचं पत्र टाईप करताना मलाही चेव यायचा. चहा तसाच राहायचा आणि वर साय धरायची.

हा सगळा आटापिटा नितीनसाठी होता. नितीन म्हणजे तिच्या धाकट्या भावाचा मुलगा. त्याची आई तो लहान असतानाच गेली, पुढं भाऊही गेला. आत्याला नवरा नव्हता की मूलबाळ नव्हतं. तिनं भाच्याला पदराखाली घेतलं. मोटार दुरुस्ती शिकायला त्याला नांदेडला पाठवलं, तर त्यानं आधी गांजा ओढायची विद्या घेतली. एका बाजाराच्या दिवशी पोलिसांना त्याच्या खिशात पुडी सापडली. विकणारा गर्दीत पसार झाला आणि ओढणारा सापडला. काही दिवस आत, मग जामीन, मग तारखा. व्यसन चालूच. वकील होते ते बांधाच्या भांडणांत तरबेज. ते म्हणाले, "गुन्हा कबूल करून टाका, होईल ती शिक्षा भोगून येईल."

आत्यानं ते साफ उडवून लावलं. गल्लीतलंच एक पोरगं असं आत जाऊन आलेलं तिनं पाहिलं होतं. "जाताना पुडी वढनारं गेलं आन् येताना पोतं इकनाऱ्यांची वळख घिऊन आलं," ती म्हणाली. "माझं पोरगं बिमार हाये. बिमाराला कुनी कुलपात ठिवतंय का? इकनाऱ्याला जेल द्या, वढनाऱ्याला दवाखाना द्या. कायदा आसा पाहिजे." कायदा कोण करतं, असं तिनं मला विचारलं. आपण निवडून दिलेली माणसं करतात, असं मी पुस्तकी उत्तर दिलं. "मंग तर घरचीच मान्सं हायेत," आत्या म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी राख्या घेऊन आली.

मी चेष्टा करायचो. म्हणायचो, "आत्या, आमदारानं पत्र वाचलं तर, त्यांनी ते मुंबईला पाठवलं तर, मुंबईनं दिल्लीला धाडलं तर, दिल्लीनं कायदा बदलला तर. अन् आत्याबाईला मिशा असत्या तर." तिनं वरच्या ओठावरून बोट फिरवलं आणि गंभीरपणे म्हणाली, "बारीक हायेत की. नीट बघ. आन् आता टाईप कर."

शब्दांवरून आमची दर पत्राला जुंपायची. 'आरोपी' तिला चालत नसे. मी 'व्यसनाधीन इसम' असं टाईप केलं तर ती पडद्यावर बोट ठेवून म्हणाली, "इसम काहून? इसम तर नदीत वाहून आलेला असतोय. लेकरू लिही." मी म्हटलं, सरकारी कागदात लेकरू बसत नाही. "मंग सरकारला जरा सरकून बसाय सांग." शेवटी 'व्यसनात सापडलेलं लेकरू' यावर तडजोड झाली. मी 'कायद्यात सुधारणा' लिहिलं तेव्हा मात्र ती खूश झाली. "बराबर. आदी कायदा सुधरू दे, मंग पोरगं सुधरंल."

उत्तर कधी येत नसे. एकदा तेवढं एका साहेबांचं छापील दिवाळी शुभेच्छापत्र आलं, वर सहकुटुंब फोटो. मला हसू फुटलं. आत्यानं ते पत्र गल्लीभर दाखवलं. "बघा, पत्ता बराबर हाये. पोचून राहिलंय."

मग एका वर्षी गंमत झाली. आमच्या भागातल्या एका आमदारांनी (कोणते ते सांगत नाही, आमच्याकडं ते दर खेपेला बदलतातच) मंगल कार्यालयात जाहीर रक्षाबंधन ठेवलं. त्यांच्या कार्यालयातल्या पोरांनी दरवर्षी राखी पाठवणाऱ्या बायांची नावं काढली. त्यात आत्याचं नाव पहिलं. पत्र कुणी वाचलेलं नव्हतं, राखी तेवढी सगळ्यांनी पाहिली होती. ही आपल्या पक्षाची जुनी निष्ठावंत कार्यकर्ती, असं समजून त्यांनी तिला थेट व्यासपीठावर बोलावलं. न्यायला गाडी आली. आत्यानं मला गाडीत कोंबलं आणि म्हणाली, "पत्राच्या दोन कापी घे. आन् पेन घे, चालनारा."

तिचं नाव पुकारलं, टाळ्या पडल्या. आत्यानं आमदारांना कुंकू लावलं, ओवाळलं, राखी बांधली. रिवाजाप्रमाणे आमदारांनी ताटात पाकीट ठेवलं. आत्यानं ते उचलून त्यांच्याच खिशात सारलं आणि त्यांचं मनगट धरलं ते सोडेचना. निवेदकाचा माईक तोंडाशी होताच. अंगणवाडीचा तो आवाज कार्यालयाच्या पत्र्यावर दणाणला. "भाऊ, ओवाळणीत मला पैशे नकोत. माझा भाचा गांज्यात सापडलाय. तुमच्या बी वळखीत आशी लेकरं आसतील, कुनी बोलत न्हाई. त्याईला जेलात घालू नका, दवाखान्यात घाला. ह्या पत्रावर सही करा आन् वर पाठवा. तवर हात न्हाई सोडत."

मी पत्राची कॉपी आणि पेन पुढं केला. तेवढ्यात मागच्या रांगेतून कुरुंद्याची एक बाई उठली आणि म्हणाली, "माझं बी पोरगं हाये." तिच्या शेजारची उठली. बायांच्या रांगेत कुजबुज वाढत गेली. आमदारांनी एकदा मनगटाकडं पाहिलं, एकदा बायांकडं, आणि म्हणाले, "ताई, सही करायला तरी हात सोडा." सगळं कार्यालय हसलं. पेन चालला. मला आजही तो दिवस आठवला की टेबलावर थाप मारावीशी वाटते.

त्या सहीला खरंच पाय फुटले. बऱ्याच दिवसांनी वरच्या कुठल्याशा कार्यालयातून उत्तर आलं. आत्या धावत पळत दुकानात आली. तिचा चष्मा घरीच राहिला होता. मी वाचून दाखवलं. 'लहान प्रमाणातील प्रकरणात व्यसनाधीन व्यक्तीस तिच्या संमतीने, शिक्षेऐवजी उपचारासाठी सोडता येईल अशी तरतूद सदर कायद्यात आहे. सबब सुधारणेची आवश्यकता दिसून येत नाही.' मी कागद खाली ठेवला. "नाही म्हणाले, आत्या."

"परत वाच," ती म्हणाली. मी परत वाचलं. 'तरतूद आहे' इथं तिनं माझा दंड असा दाबला की मी ओरडलो. "म्हंजे हाये? कायद्यात पयल्यापून हाये? अरे, नगं मनता मनता देऊन बसले की रे!" ती दुकानात अक्षरशः नाचली. तहसीलच्या ओट्यावरची माणसं पुन्हा गोळा झाली. तिनं सगळ्यांना चहा सांगितला आणि चहा यायच्या आत ती वकिलांच्या दारात पोहोचली होती. वकिलांनी पुस्तक काढलं, पानं चाळली, चष्मा पुसला आणि म्हणाले, "लिहिलंय खरं. आमच्याकडं कुणी मागत नाही ना." आता मागणारी आली होती.

कोर्टाच्या दिवशी मी दुकान बंद ठेवून गेलो. वकिलांनी मागणी मांडली, सरकारी वकिलांनीही मोडता घातला नाही. सगळं जुळून आलं, आणि न्यायाधीशांनी नितीनला विचारलं, "उपचार घ्यायला तयार आहेस का?" त्याची संमती हवी होती, आणि ती त्यानंच द्यायची होती. नितीन मान खाली घालून उभा. बोलेना. ज्या आत्यानं आमदाराचा हात धरून ठेवला तिला तिथं तोंड उघडायची सोय नव्हती. तिनं पदराचा बोळा तोंडात धरला होता. न्यायाधीशांनी पुन्हा विचारलं. नितीननं मागं वळून आत्याकडं पाहिलं आणि म्हणाला, "व्हय. जातो मी."

बंधपत्रावर त्याला नांदेडच्या एका मान्यताप्राप्त केंद्रात पाठवलं. तिथून तो एकदा पळूनही आला. आत्यानं त्याला जेवू घातलं आणि त्याच रात्रीच्या बसनं परत नेऊन सोडलं. पुढं तो टिकला. मला वाटलं, आता पत्रं संपली. माझं गिऱ्हाईक गेलं.

कशाचं काय! दुसऱ्याच आठवड्यात ती दारात उभी. "त्या कागदात 'सोडता येईल' मनलंय, व्हय ना? ते 'येईल' काढायचं. 'सोडण्यात यावे' करायचं." मी म्हटलं, एका शब्दानं काय होतं? आत्यानं खुर्चीवरची पिशवी खाली ठेवली आणि पहिल्यांदाच माझ्यासमोर बसली. "आमचं मानधन थकायचं तवा आमी मोर्चे काडले. जीआर यायचा. 'देता येईल' आसला की समजायचं, मिळत न्हाई. 'देण्यात यावे' आसला की मिळायचं. 'येईल' मनजे साहेबाची मर्जी, बाबा." मग थोडं थांबून म्हणाली, "नितीनला आत्या व्हती. ज्याला आत्या न्हाई त्या लेकरानं काय करावं?"

मी टाईप करायला लागलो. तेव्हापासून पत्र एका ओळीचं झालं: प्रिय भाऊ, 'येईल' काढा आणि 'यावे' घाला. निवडून आलेल्यांना राखी जायचीच, पण पडलेल्यांनाही जायची. "पडला मनून भाऊपन सुटतंय व्हय? फिरून निवडून येतोय की." यात राजकारण कमी आणि अनुभव जास्त होता. आता रक्षाबंधनाला कुरुंद्याच्या त्या बाईसारख्या आणखी बाया दुकानात येतात. मी पैसे घेत नाही. तो शब्द अजून कायद्यात तसाच आहे.

आत्या गेल्या हिवाळ्यात गेली. दोन-चार दिवसांचा ताप, आणि मग एका सकाळी हाक मारली तर ओ आली नाही. ज्या बाईच्या आवाजानं तहसीलचा ओटा उठायचा ती अशी गुपचूप जाते, याचा मला राग आला. अजून येतो.

अंगणात तयारी झाली, बायांनी तिला आंघोळ घातली, आणि मग प्रश्न पडला लुगड्याचा. आमच्याकडं बाईच्या अंगावरचं शेवटचं लुगडं माहेरचं लागतं, भाऊ घेऊन येतो. आत्याचा भाऊ तर कधीच गेलेला. माहेर म्हणून एक नितीन, आणि तो नांदेडला गॅरेजवर. त्याला फोन केला होता. "त्याच्या हातात पैशे पडले तर लुगडं येईल का पुडी?" एक म्हातारी हळूच पुटपुटली. कुणी तिला गप्प केलं नाही. शेजारणीनं आपलं नवं पातळ काढून तयार ठेवलं.

उन्हं वर आली तेव्हा नितीन आला. अंगावर गॅरेजचेच कपडे, नखांत ऑइल, आणि काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं लुगडं. हिरवं, जरा भडकच, आत्याला आवडलं असतं असं. ऑइल लागू नये म्हणून त्यानं ते कागदासकट बायांच्या हातात दिलं. तो नळाखाली हात धूत राहिला, आणि मग खांदा द्यायला आला.

परतताना तो माझ्या शेजारी चालत होता. मारुतीच्या पाराजवळ आलो तेव्हा म्हणाला, "दादा, मी आत असतो तर लुगडं कुनी आनलं असतं?"