पाचव्या थांब्यापर्यंत

डेंटल लॅबमध्ये तिला सगळे कवळीकाकू म्हणत. उभी हयात तिने लोकांच्या कवळ्या बनवण्यात घालवली होती. दवाखान्यांतून प्लास्टरचे साचे यायचे. त्यांवर ती मेणात एकेक दात बसवायची, मेण वितळवून गुलाबी अ‍ॅक्रिलिक भरायची आणि खिडकीजवळच्या मशीनवर घासून कवळी गुळगुळीत करायची. सगळं काम स्टुलावर बसून. दोन मजले चढले की तिचे गुडघे कुरकुरायचे. अशी बाई चोपन्नाव्या वर्षी डोंगरातल्या पन्नास किलोमीटरच्या शर्यतीत नाव घालतेय हे कळलं, तेव्हा शेजारच्या स्टुलावरच्या माणसाने तोंडातला चहा परत कपात सोडला.

"काकू, पन्नास? त्या घाटात बसमध्ये बसून पण लोकांना मळमळतं."

"हळूहळू जाईन."

"आणि तयारी?"

"करतेय की," ती म्हणाली आणि पुढचा साचा हातात घेतला.

तयारी म्हणजे काय, तर सकाळी नदीकाठच्या रस्त्यावर थोडं पळायचं, थोडं चालायचं, आणि सुट्टीच्या दिवशी समोरच्या इमारतीचा जिना वरखाली करायचा. मध्येच उजवा गुडघा सुजला, त्यात काही आठवडे गेले. मग लॅबमध्ये कामाचा ढीग पडला. एका दमात ती जास्तीत जास्त वीस किलोमीटर गेली होती, आणि त्या दिवशी घरी येऊन बुटांसकट पलंगावर आडवी झाली होती. आपली तयारी निम्मीसुद्धा नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. शर्यतीसाठी दाखला द्यायचा म्हणून नेहमीच्या डॉक्टरांनी तिची छाती तपासली आणि हसत विचारलं, "या वयात कोणाचा पाठलाग करताय?"

"पोराचा," ती म्हणाली. डॉक्टरांना विनोद आवडला. त्यांनी सही केली.

पण तो विनोद नव्हता. तिला एकच मुलगा. कायमची नोकरी सोडून तो डोंगरात वाटाड्या झाला, तेव्हा बापलेकांचं कडाक्याचं भांडण झालं. बाप म्हणाला, "आता मी मेल्यावरच ये." मुलगा बॅग घेऊन गेला. आईला तेवढा अधूनमधून फोन करायचा, तेही नवरा घरी नसताना. आधी तो स्वतः ही शर्यत धावायचा. पाऊल दुखावल्यावर धावणं सुटलं, तरी दरवर्षी शर्यतीच्या दिवशी पाचव्या थांब्यावर, खिंडीतल्या दगडी खोलीत, आलेल्यांना पाणी-सूप द्यायला तो असायचा. तिथे गाडी जात नाही, ढग अंगावरून जातात, हे सगळं तो तिला फोनवर रंगवून सांगायचा.

मग नवऱ्याला पोटाचा आजार निघाला. डॉक्टरांनी आशा ठेवली नव्हती. पहिल्याच संध्याकाळी नवरा म्हणाला, "त्याला कळवलंस तर पुन्हा माझं तोंड बघू नकोस." ती गप्प बसली. वाटलं, आज ना उद्या माणूस विरघळेल. मुलाचा फोन आला की ती सांगायची, "सगळं ठीक आहे." नवरा विरघळला नाही, झिजत मात्र गेला, आणि एका सकाळी चहा गार होईपर्यंत सगळं संपलं. तेव्हा तिने मुलाला फोन लावला. तो वर डोंगरात होता, फोन लागेना. निरोप मिळून तो पोचला तेव्हा सगळं उरकलं होतं. बापाचा पलंगही कोणीतरी उभा करून भिंतीला लावला होता.

तो त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिला. मग विचारलं, "तुला किती दिवस माहीत होतं?"

"चार महिने."

तो पाणीही न पिता निघून गेला. नंबर बदलला, राहती जागा बदलली. त्याच्या एका मित्राकरवी तिने दोनदा निरोप धाडला. दोन्ही वेळा एकच उत्तर आलं, "सध्या नको." तिची बहीण म्हणाली, "आपलेच दात, आपलेच ओठ. थोडी कळ काढ." तिने दोन वर्षं कळ काढली. मग एक दिवस तिच्या मनात आलं, की दारात आलेल्या आईला तो परत पाठवेल, पण थांब्यावर आलेल्या धावणाऱ्याला कोणी हाकलत नाही.

पहाट फुटायच्या सुमारास शर्यत सुटली. पहिल्या चढावरच सगळे तिला मागे टाकून गेले. मेंढरांसारखा एक घोळका टेकडीवर चढताना तिला दिसला, मग तोही दिसेनासा झाला. चढ तिने खाली मान घालून काढले. घात केला तो उतारांनी. मांड्या लटपटू लागल्या, पायाची बोटं बुटाच्या टोकावर आपटून हुळहुळली. तिसऱ्या थांब्यावर तिने मीठ लावलेला उकडलेला बटाटा खाल्ला आणि पुढच्या वळणावर ओकून टाकला. एका दगडावर बसून ती स्वतःशीच म्हणाली, "बाई, तुझं हे काम नव्हे." आणि उठली.

मागे दोन माणसं होती. त्यांचं काम शेवटच्या धावणाऱ्याच्या मागून चालायचं आणि झाडांना बांधलेल्या खुणेच्या फिती काढून घेत यायचं. ते तिला घाई करत नव्हते. एकाचा फ्रिज बिघडला होता, त्यावर त्यांचं निवांत बोलणं चाललं होतं. ते बोलणं ऐकू आलं की तिला कळायचं, आपण सगळ्यांत शेवटी आहोत.

नियम असा होता, की दुपारी दोनच्या आत जो पाचव्या थांब्यावर पोचणार नाही, त्याची शर्यत तिथेच संपली. शेवटच्या चढावर तिने घड्याळाकडे बघणं सोडून दिलं. त्या चढभर ती एकच वाक्य घोळवत होती, "शेवटी बाबांनी तुझं नाव काढलं होतं." ते खरं नव्हतं. पण हे ऐकून पोराचं मन निवेल, असं तिला वाटत होतं.

ती खिंडीत पोचली तेव्हा दोन कधीच वाजून गेले होते. खोलीबाहेर टेबलं आवरत होते. नारिंगी जाकीट घातलेला तिचा मुलगा पातेलं विसळत होता. दाढी वाढलेली, गालफडं बसलेली. त्याने वर पाहिलं. क्षणभर त्याचा हात पातेल्यातच राहिला. मग बाक पुढे ओढून तो म्हणाला, "बसा."

पोटच्या पोराने "बसा" म्हटलेलं तिने पहिल्यांदाच ऐकलं. ती बसली.

"वेळ संपलीय. नंबर काढावा लागेल." तो तिच्या छातीवरच्या कागदाकडे बघत बोलत होता. त्याने चारही पिना काढल्या, एकही न टोचता. मग खाली बसून तिच्या बुटांच्या नाड्या सोडल्या. मोजा बोटाला चिकटला होता. त्याने पाणी ओतून तो हलके सोडवला.

"हे बूट तुझ्या मापाचे नाहीत," तो म्हणाला.

"दुकानदार म्हणाला, सैल होतील."

त्याने फोडावर पट्टी बांधली आणि तसाच, मान खाली घालून म्हणाला, "यादीत नाव बघितलं होतं मी. हा थांबा नको म्हणून दुसरं काम मागितलं होतं. मिळालं नाही."

तिला वाटलं होतं, त्याला काही माहीत नसेल, अचानक गाठ पडेल. ती म्हणाली, "बरं."

शर्यतीतून बाद झालेल्याला कोणीतरी सोबत करून खालच्या रस्त्यापर्यंत न्यायचं असे. तिथे गाडी उभी असायची. त्या थांब्यावर एक निवृत्त नर्स होती, ती काठी घेऊन निघाली. तो म्हणाला, "राहू द्या ताई, मी जातो."

वाट अरुंद होती. तो पुढे, ती मागे. ओढ्याजवळ त्याने हात पुढे केला, तिने धरला, पलीकडे गेल्यावर त्याने सोडला.

"खूप दुखायचं त्यांना?" त्याने न वळता विचारलं.

"हो. शेवटी शेवटी औषधाने झोपून असायचे."

"जेवायचे?"

"पेज. तीही दोन चमचे. चिडायचे माझ्यावर."

"आणि तू एकटी सगळं..."

"हो."

तो थांबला. "माझं नाव काढलं त्यांनी?"

सबंध चढभर घोटलेलं वाक्य ओठांवर आलं होतं. पण त्या पोराला चार महिने "सगळं ठीक आहे" सांगणारं तोंडही हेच होतं. ती म्हणाली, "नाही. मी काढलं की भिंतीकडे तोंड करायचे."

तो पुढे गेला, वळणावर एका खडकाला हात टेकून पाठमोरा उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते. ती जवळ गेली नाही. जावं की नाही हेच तिला कळेना. आपल्याच मुलाच्या मागे चार पावलांवर ती परक्यासारखी उभी राहिली.

"मला भांडायचं तरी होतं त्यांच्याशी," तो शेवटी म्हणाला. "तेवढं तरी ठेवायचंस."

"चुकलं माझं."

"हो. चुकलं." त्याने बाहीने तोंड पुसलं. "चल. पुढे निसरडं आहे, जपून."

रस्त्यावर गाडी उभी होती. आत एक जण पाय लांब करून झोपला होता. मुलाने तिला आधार देऊन चढवलं, बूट पायाशी ठेवले, पाण्याची बाटली दिली. दार लावता लावता सवयीने तो बोलून गेला, "घरी पोचलीस की कळव."

मग दोघांच्याही ध्यानात आलं, की कळवायला तिच्याकडे त्याचा नंबरच नाही. ती वाट बघत राहिली. तो दाराच्या मुठीकडे बघत होता. मग वळून ड्रायव्हरला म्हणाला, "यांना अगदी दारापर्यंत सोड. पोचल्या की मला एक फोन कर."

गाडी सुटली. तिने मागच्या काचेतून पाहिलं. तो पुन्हा वर निघाला होता, दुखावलेलं पाऊल किंचित ओढत.

"तुमच्या ओळखीचे का?" ड्रायव्हरने विचारलं.

"मुलगा आहे माझा."

"अच्छा," ड्रायव्हर म्हणाला आणि त्याने गिअर बदलला. अंधार पडता पडता त्याने तिला इमारतीसमोर सोडलं. पायांत बूट जाईनात, ते हातात घेऊन ती फाटकाशी उभी राहिली. त्याने गाडीतूनच फोन लावला. "हो, पोचल्या," तो म्हणाला. "हो, समोरच उभ्या आहेत." पलीकडून काहीतरी बोलणं चाललं होतं. तिला ते ऐकू येत नव्हतं. पण फोन बंद होईपर्यंत ती तिथून हलली नाही.