नंबर तिचा, शर्यत त्याची

अन्याय झाला तो आमच्या ताईवर. गेल्या जूनच्या शेवटच्या रविवारी, पहाटे पावणेसहाला, इथे जर्मनीत, कार्ल्सरूहेतल्या तिच्याच स्वयंपाकघरात. कुणी ओरडलं नाही, हात उगारला नाही, मग अन्याय कसला, असं ज्यांना वाटतं त्यांनीच हे आधी वाचावं.

ताई माझ्या वरच्या मजल्यावर राहते. मूळची पुण्याची, सॉफ्टवेअरमध्ये नोकरी, पदरात पाच वर्षांची मुलगी. तिची ओळख मला आधी झाली, नवऱ्याची नंतर, म्हणून ती माझी ताई आणि तो भावोजी. श्वार्त्सवाल्डच्या डोंगरांतून दरवर्षी हौशी लोकांची मोठी सायकल शर्यत होते. जागा कमी, उत्साही फार, म्हणून सोडत काढतात. आमच्या मराठी सायकल ग्रुपमधल्या सगळ्यांनी अर्ज भरले. ताईचा नंबर लागला, माझा लागला, आणखी काही जणांचा लागला. भावोजींचा नाही लागला.

अख्खा हिवाळा ताई केलरमध्ये, म्हणजे इमारतीच्या तळघरात, वाळत घातलेल्या कपड्यांखाली, स्टँडवर लावलेल्या सायकलवर घाम गाळत होती. मुलगी झोपली की खाली. समोरच्या भिंतीवर मोठ्या घाटाचा नकाशा. ‘‘हे शेवटचं वळण बघ,’’ म्हणायची, ‘‘इथे लोक उतरून चालतात. मी नाही उतरणार.’’ बाळंतपणानंतर तिने स्वतःसाठी मागितलेली ही पहिली गोष्ट होती. कुठला दागिना नाही, सहल नाही. एक घाट.

आदल्या रात्री मुलीला ताप भरला. पहाटे मी हेल्मेट घेऊन वर गेले, तर ताई थर्मामीटर हातात धरून उभी. भावोजी आतून आले. अंगात जर्सी, पायात सायकलचे बूट.

‘‘तू कशी जाणार आता? तिला आईच लागते,’’ ते म्हणाले. ‘‘नंबर वाया कशाला घालवायचा? मी जाऊन येतो.’’

‘‘भावोजी, बाबा जवळ असले की ताप उतरत नाही का?’’ मी विचारलं.

‘‘तू गप गं. तुझं लग्न होऊ दे, मग बोल.’’

ताईने त्यांच्या बुटांकडे पाहिलं. ‘‘घेऊन जा,’’ म्हणाली आणि मुलीच्या खोलीत गेली.

तेव्हापासून मला हेच ऐकवलं जातंय: ‘ती स्वतःच हो म्हणाली ना!’ अरे, विचारायला आलेल्या माणसाने बूट आधीच चढवले होते. याला विचारणं म्हणतात?

घाटात ते मला मागे टाकून गेले. खाली दरीत धुकं होतं, वर कुरणांवर ऊन पडलं होतं, गायींच्या घंटा वाजत होत्या. लोक फोटो काढत होते. मला मात्र त्यांच्या पाठीवरचा तिचा नंबर तेवढा दिसत होता. ‘‘तो नंबर काढा!’’ मी ओरडले. ते हसले. मागून आमच्याच ग्रुपमधला एक दादा म्हणाला, ‘‘अगं, घरातल्या घरात आहे! काढ आता यावर एक पत्रक!’’ बाकीचे खिदळले. दम लागलेला असताना माणसं इतकं हसू शकतात हे मला त्या दिवशी कळलं.

नंबरात चिप असते. घरी बसून फोनवर बघता येतं, कोण कुठे पोचलं ते. ताईने नंतर मला सांगितलं: मुलगी कुशीत, फोन हातात, आणि तिच्या नावाचा ठिपका घाट चढतोय. मुलीने बोट ठेवलं, ‘‘ममा, बिस्ट डू दास?’’ ही तूच का? ताईने फोन पालथा ठेवला. ग्रुपवर तोवर टाळ्यांचा पाऊस पडत होता. ‘वहिनी रॉक्स!’ भावोजींचा सुरुवातीच्या रेषेवरचा फोटो सकाळीच ग्रुपवर आला होता, सगळ्यांना माहीत होतं सायकलवर कोण आहे. तरीही.

आणि मग कळस. तिच्या नावावर त्यांचा वेळ बायकांच्या वयोगटात तिसरा आला. व्यासपीठावरून ताईचं नाव पुकारलं, पुन्हा पुकारलं. भावोजी तेव्हा पार्किंगमध्ये सायकल गाडीवर बांधत होते. तिसऱ्या पायरीवर कुणीच आलं नाही. चौथी आलेली बाई खाली उभी राहून टाळ्या वाजवत होती. तिची जागा एका पुरुषाने खाल्ली होती, आणि तिला ते माहीतही नव्हतं.

पुढे शर्यतीच्या फोटोंमध्ये ताईच्या नंबरासोबत दाढी दिसली. तक्रार झाली. आयोजकांनी दोन वर्षांची बंदी घातली. कुणावर? ज्याच्या नावाचा नंबर, त्याच्यावर. म्हणजे ताईवर. भावोजी म्हणतात, ‘‘आल्झो, हे बघ, जाऊ दे ना, तू दुसरी शर्यत कर.’’ स्वतः कबूल करायला तयार नाहीत, कारण याच आयोजकांच्या शरद ऋतूतल्या शर्यतीत त्यांची जागा पक्की झालीय. स्वतःच्या नावाने.

मी आयोजकांना लिहिलं. उत्तर आलं: तुम्ही तिची मैत्रीण आहात, आणखी कुणी प्रत्यक्ष पाहिलेलं असेल तर त्यांनीही लिहावं, मग फेरविचार करू. मी ग्रुपवर विचारलं. एरवी गिअरच्या दातांवर तासन् तास वाद घालणारी माणसं गप्प. एकाने खासगीत लिहिलं, ‘नवरा-बायकोच्या मध्ये आपण कशाला?’ अहो, तुम्ही मध्येच होतात! त्यांच्या मागच्या चाकाला चिकटून वारा चुकवत होतात!

पुढच्या सोडतीचे अर्ज लवकरच सुरू होतील. ताई अजूनही केलरमध्ये उतरते. काल मी विचारलं, कशासाठी? म्हणाली, ‘‘बघू.’’

तर हे वाचणाऱ्या, त्या घाटात असलेल्या, किंवा घरी बसून ‘वहिनी रॉक्स’ लिहिणाऱ्या प्रत्येकाला माझं सांगणं आहे. मला सहानुभूती कळवू नका. ताईला ‘काळजी घे’ म्हणू नका. आजच्या आज आयोजकांना लिहा: नंबर तिचा होता, सायकलवर तो होता, आणि हे मला माहीत होतं. खाली स्वतःचं पूर्ण नाव घाला. आणि पाठवा.