वेशीपाशी बंद होणारी गाडी

दौंडला समुपदेशक बाईंच्या दवाखान्याबाहेर ते मला भेटले. झोप उडाल्यामुळं मी तिथं जायचो. ते वरवंडचे बागायतदार, साठीच्या आसपासचे. त्यांची बायको आत होती. ते बाकावर टेकायचे, लगेच उठायचे, दारापर्यंत जाऊन परत यायचे.

"बाई औषध काय देतात?" मी विचारलं.

"औषध न्हाई. मालकीण बोलंल तवा मधी तोंड घालायचं न्हाई, एवढंच. गावात माझ्या शब्दापुढं कुणी जात न्हाई, आन् घरात गप बसायचं म्हंजी लई अवघड."

"मग जमलं?"

ते पुन्हा उठले. खिडकीकडं बघत म्हणाले, "परवा जमलं. तवा ती म्हणली, तुमच्या गाडीचा आवाज आला की माझ्या पोटात गोळा येतो. मला वाटायचं, ती दारात येऊन वाट बघती. आता वेशीपाशीच गाडी बंद करतो आन् चालत घरी जातो."

माझ्या घरी कोण काय न बोलता गिळून बसलं असेल, असं माझ्या मनात आलं.

दार उघडलं. बायको बाहेर आली. काहीतरी विचारायला त्यांनी तोंड उघडलं, मग मिटलं. मुठी वळत, सोडत ते उभे राहिले.

पदर सारखा करत ती म्हणाली, "मला चहा प्यायचाय."

ते लगबगीनं पुढं निघाले, आणि तिच्यासाठी थांबले.